गुळगुळीत चाक, गुळगुळीत रूळ

चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, वणी या भागांतल्या मुलांना कोळशाची मालगाडी नवी नाही. फाटक बंद झाले की सायकलवरून उतरायचे आणि वाघिणी मोजू लागायचे. मोजणी अठ्ठावन्न-एकोणसाठपर्यंत सहज जाते. एका भरलेल्या उघड्या वाघिणीचे वजन ८१ टन धरले तर ५८ वाघिणींचे वजन ४,७०० टनांच्या घरात जाते. आणि ही सगळी माळ ओढणारे इंजिन असते फार तर १२० ते १८० टनांचे.

आता घर्षणाचा धडा शिकवताना वर्गात एक प्रश्न विचारून पाहा. इंजिनाचे चाक पोलादी आणि गुळगुळीत. रूळही पोलादी आणि गुळगुळीत. प्रत्येक चाक रुळाला टेकते ते जेमतेम एखाद्या लहान नाण्याएवढ्या जागेवर. मग आपल्यापेक्षा पंचवीस ते चाळीस पट जड गाडी ओढताना इंजिनाची चाके जागच्या जागी गरगर फिरत का राहत नाहीत?

प्रश्न पोरकट नाही. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या कोळसाखाणींवर काम करणाऱ्या कसलेल्या यंत्रज्ञांना याच प्रश्नाने दहा वर्षे गुंतवून ठेवले होते. त्याचे उत्तर कसे मिळाले याची हकिगत घर्षणाच्या धड्याला जोडून सांगण्याजोगी आहे. ती बहुधा ज्या पद्धतीने सांगितली जाते त्या पद्धतीबद्दलही आम्हाला थोडे बोलायचे आहे.

इंजिनाआधीचे रूळ

रेल्वे म्हटले की आपल्याला आधी इंजिन आठवते. प्रत्यक्षात रूळ इंजिनाहून दोनशे वर्षांनी वडील आहेत, आणि त्यांचे माहेर कोळशाची खाण आहे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ स्ट्रेली ते वोलाटन या गावांदरम्यान हंटिंग्डन ब्यूमाँट याने १६०३-०४ मध्ये कोळसा वाहण्यासाठी लाकडी रुळांची वाट तयार केली. पुढे ईशान्य इंग्लंडमध्ये टाइन नदीच्या खोऱ्यात अशा वाटांचे जाळेच पसरले. खाणीतून निघालेला कोळसा नदीकाठच्या धक्क्यापर्यंत न्यायचा, तिथे बोटीत टाकायचा आणि पुढे तो समुद्रमार्गे लंडनला जायचा, असा हा व्यवहार होता. अशाच एका वाटेसाठी १७२५-२६ मध्ये बांधलेली कॉझी येथील दगडी कमान आजही उभी आहे.

पावसाळी चिखलाच्या रस्त्यावर एका घोड्याला एक टन ओझेही जड जाई. रुळांवर मात्र तोच घोडा एक ‘चाल्ड्रन’ भरलेली गाडी ओढत असे. न्यूकॅसलचे हे माप सुमारे २,७०० किलोग्रॅमचे होते. एवढा फरक पडला तो कशामुळे? मऊ जमिनीत चाक रुतते, आणि रुतलेल्या चाकाला सतत खड्ड्यातून वर चढावे लागते. कठीण, गुळगुळीत रुळावर चाक जवळजवळ रुतत नाही. म्हणजे रुळाचा सगळा फायदा त्याच्या गुळगुळीतपणात आणि कठीणपणात होता.

पेच नेमका इथेच आहे. गाडी ओढणारा घोडा रुळांवर चालत नव्हता. तो दोन रुळांच्या मधल्या खडबडीत जमिनीवर खूर रोवत होता. गाडीला गुळगुळीत वाट आणि घोड्याला खरबरीत वाट, अशी ती सोयीची वाटणी होती. घोड्याच्या जागी इंजिन आणायचे तर इंजिनालाही त्याच गुळगुळीत रुळावर उभे राहून जोर लावावा लागणार होता.

पहिले उत्तर आणि मोडलेले रूळ

२१ फेब्रुवारी १८०४ रोजी वेल्समधील पेनिडॅरन येथे रिचर्ड ट्रेव्हिथिक याच्या वाफेच्या इंजिनाने दहा टन लोखंड आणि सुमारे सत्तर माणसे पाच गाड्यांतून नेली. सुमारे नऊ मैलांच्या अंतराला चार तासांहून थोडा अधिक वेळ लागला. इंजिनाची चाके गुळगुळीत होती आणि ती घसरली नाहीत. म्हणजे प्रश्नाचे उत्तर त्या दिवशीच मिळाले होते, असे आपण आज म्हणू शकतो.

पण त्या प्रवासात दुसरेच काही ठळकपणे दिसले. पाच टनांच्या त्या इंजिनाखाली बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, रूळ मोडत गेले. बीड दाबाला टिकते, पण वाकवले की तुटते. घोड्यांनी ओढायच्या गाड्यांसाठी बनवलेल्या रुळांना इंजिनाचे वजन पेलणारे नव्हते. ट्रेव्हिथिकच्याच नमुन्याचे एक इंजिन टाइनकाठच्या वायलम येथील खाणमालक ख्रिस्टोफर ब्लॅकेट याच्यासाठी तयार झाले होते. तिथले रूळ तर लाकडाचे होते. हे जड इंजिन त्याने स्वीकारलेच नाही.

पुढे काही वर्षे हा विषय मागे पडला. तो पुन्हा वर आला तो युद्धामुळे. नेपोलियनशी चाललेल्या लढायांमुळे इंग्लंडमध्ये घोडे आणि त्यांचा दाणा-वैरण कमालीचे महागले. खाणीच्या तोंडाशी कोळसा मात्र स्वस्त होता. दाणा खाणाऱ्या जनावराऐवजी कोळसा खाणारे यंत्र परवडते का, याचा हिशेब खाणमालक नव्याने मांडू लागले.

दाते, साखळी आणि पाय

लीड्सजवळच्या मिडलटन खाणीचा व्यवस्थापक जॉन ब्लेंकिनसॉप याने १८११ मध्ये एक पेटंट घेतले. एका रुळाच्या बाहेरच्या बाजूला दाते ओतायचे आणि इंजिनाचे एक दातेरी चाक त्या दात्यांत अडकवायचे, अशी ती कल्पना होती. मॅथ्यू मरे याने त्याप्रमाणे ‘सॅलामांका’ नावाचे इंजिन बांधले आणि ऑगस्ट १८१२ मध्ये ते कोळसा ओढू लागले. व्यापारी तत्त्वावर यशस्वी ठरलेले हे पहिले वाफेचे इंजिन होय. इंजिनाचे वजन पाच टनांच्या आसपास, आणि सपाटीवर ते नव्वदेक टन ओढत असे.

विल्यम चॅपमन याने १८१२ मध्ये वेगळाच मार्ग सुचवला. वाटेवर साखळी टाकून ठेवायची आणि इंजिनाने ती धरत धरत स्वतःला पुढे ओढायचे. विल्यम ब्रंटन याने १८१३ मध्ये तर इंजिनाला मागून दोन पाय लावले. घोड्याप्रमाणे जमिनीत पाय रोवून ते इंजिन गाडी ढकलत असे. ते खरोखर चाललेही. पण १८१५ मध्ये डरहॅम परगण्यातील एका खाणीजवळ, बघ्यांची गर्दी असताना, त्याचा बॉयलर फुटला आणि दहाहून अधिक माणसे मेली. सॅलामांकाचा बॉयलरही १८१८ मध्ये फुटला आणि त्यात त्याचा चालक दगावला. या प्रयोगांची किंमत कोणी मोजली, हे हकिगत सांगताना गाळू नये असे आम्हाला वाटते.

हेडलीचा गाडा

दरम्यान वायलममध्ये ब्लॅकेटने १८०८ मध्ये लाकडी रूळ काढून बिडाचे रूळ घातले होते. त्याच्या खाणीचा व्यवस्थापक होता विल्यम हेडली. दात्यांचे रूळ घालायचे म्हणजे नुकतीच घातलेली पाच मैलांची वाट पुन्हा उखडायची. तो खर्च खरोखर आवश्यक आहे का? हेडलीने ठरवले की आधी मोजून पाहायचे.

१८१२-१३ च्या सुमारास त्याने एक चारचाकी गाडा तयार केला. त्यावर इंजिन नव्हतेच. गाड्याच्या बाजूंना फळ्या लावून त्यांवर माणसे उभी केली, आणि त्यांच्या हाती चाके फिरवण्याचे दांडे दिले. माणसे जमिनीला पाय न लावता दांडे फिरवत. त्यामुळे गाडा पुढे सरकला तर तो केवळ चाक आणि रूळ यांच्यातील पकडीमुळेच सरकणार होता. मागे कोळशाच्या गाड्या जोडल्या. मग एकेक गाडी वाढवत, कितव्या गाडीला चाके जागच्या जागी फिरू लागतात हे पाहिले. नंतर गाड्यावर लोखंडाचे तुकडे ठेवून त्याचे वजन वाढवले आणि पुन्हा तसेच मोजले.

निष्कर्ष साधा होता. गाड्याचे वजन वाढवावे तशी त्याची ओढण्याची क्षमता वाढते. ते वजन आणि मागच्या गाड्या यांचे प्रमाण ठरवता येते, आणि वायलमच्या जवळजवळ सपाट वाटेवर कोळसा ओढायला गुळगुळीत चाकांची पकड पुरेशी होते. मार्च १८१३ मध्ये हेडलीने पेटंट घेतले. त्यानंतर बांधलेले ‘पफिंग बिली’ हे इंजिन १८६२ पर्यंत कामात होते. ते आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.

इथे थांबून हेडलीच्या रीतीकडे पाहण्यासारखे आहे. इंजिन बांधण्याआधी त्याने इंजिनातला नेमका एकच भाग, म्हणजे चाक आणि रूळ यांचा संबंध, बाजूला काढला. वाफ, बॉयलर, सिलिंडर या सगळ्यांची गुंतागुंत टाळून तेवढाच तपासला. एका वेळी एकच गोष्ट बदलली. शाळेच्या प्रयोगवहीत आपण मुलांना हेच शिकवू पाहतो.

मग इतर जण मूर्ख होते का?

बऱ्याच पुस्तकांत ही गोष्ट अशी येते : गुळगुळीत चाक घसरणारच असे भल्याभल्यांना वाटत होते, पुढे एका हुशार माणसाने त्यांचा भ्रम दूर केला. कोठे तो हुशार माणूस हेडली असतो, कोठे जॉर्ज स्टीफन्सन. ऐकायला गोष्ट छान आहे. पण ती मुलांना चुकीचा धडा शिकवते, म्हणून जरा हिशेब करून पाहू या.

ब्लेंकिनसॉपचे इंजिन पाच टनांचे. ओल्या, कोळशाच्या भुकटीने माखलेल्या रुळावर पकड वजनाच्या एक दशांश धरू. म्हणजे गुळगुळीत चाकांनी मिळणारी ओढ अर्धा टन, अर्थात ५०० किलोग्रॅम. त्या काळच्या ओबडधोबड वाटेवर एक टन गाडी हलती ठेवायला १० किलोग्रॅम जोर लागतो असे मानले, तर हे इंजिन सपाटीवर ५० टन ओढील. दात्यांमुळे ते नव्वद टन ओढत होते. ओढ वाढवायचा दुसरा उपाय म्हणजे इंजिन जड करणे. पण जड इंजिनाखाली बिडाचे रूळ मोडत. तेव्हा दाते लावणे हे अज्ञानाचे लक्षण नव्हते. हाताशी असलेले रूळ न मोडता अधिक कोळसा नेण्याचा तो विचारपूर्वक काढलेला मार्ग होता.

हेडलीलाही या पेचातून सुटका नव्हती. पफिंग बिलीचे वजन आठ टनांच्या आसपास होते. पकड उत्तम, पण वायलमचे रूळ मोडू लागले. शेवटी १८१५ च्या सुमारास इंजिनाला चाराऐवजी आठ चाके बसवून वजन वाटून द्यावे लागले. चांगले रूळ आल्यावर १८३० च्या सुमारास पुन्हा चार चाके आली. म्हणजे मूळ प्रश्न ‘चाक घसरते की नाही’ एवढाच नव्हता. तो असा होता : चाक न घसरण्याइतके जड आणि रूळ न मोडण्याइतके हलके इंजिन कसे करायचे?

याचे पूर्ण उत्तर कोणा एकाने दिले नाही. जॉन बर्किनशॉ याने १८२० मध्ये घडीव लोखंडाचे लांब रूळ लाटण्याचे पेटंट घेतले. हे लोखंड वाकते, पण पटकन तुटत नाही. निकोलस वुड आणि जॉर्ज स्टीफन्सन यांनी १८१८ मध्ये किलिंगवर्थ खाणीवर ताणमापक लावून गाड्यांना होणारा विरोध मोजला आणि लहानसा चढही इंजिनाला किती महाग पडतो हे दाखवून दिले. स्टीफन्सनचा जन्म वायलमचाच, आणि त्याचे घर त्या कोळसावाटेला लागूनच होते. २७ सप्टेंबर १८२५ रोजी सुरू झालेली स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे मुख्यतः कोळशासाठीच बांधली होती. तिच्या ‘लोकोमोशन’ इंजिनाची चाके जोडदांड्यांनी एकमेकांना बांधलेली होती. त्याच रेल्वेसाठी टिमोथी हॅकवर्थ याने १८२७ मध्ये ‘रॉयल जॉर्ज’ बांधले. त्याची सहाही चाके जोडलेली होती, म्हणजे इंजिनाचे सगळे वजन पकडीच्या कामी येत होते आणि तरी ते तीन आसांवर वाटलेले होते. हा हॅकवर्थ पूर्वी वायलमला लोहारकामाचा प्रमुख होता.

आणि घोडे? ते एका दिवसात गेले नाहीत. स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गावर घोडे आणि इंजिने काही वर्षे शेजारी शेजारी राबली. १८२८ पासून घोड्यांच्या गाड्यांना मागे एक ठेंगणा डबा जोडत. उतार आला की घोडा त्यात चढून उभा राही, गवत खाई आणि पुढच्या सपाटीसाठी ताजातवाना होई. मिडलटनला तर १८३५ मध्ये दातेरी इंजिने बंद होऊन पुन्हा घोडे आले. इतिहास सरळ रेषेत चालत नाही, हे सांगायला याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

आपल्याकडची कोळशाची गाडी

भारतात रेल्वे आली तेव्हा कोळसा तिच्या मार्गाची दिशा ठरवत होता. हावड्याहून निघालेला लोहमार्ग फेब्रुवारी १८५५ मध्ये राणीगंजच्या कोळसाक्षेत्रापर्यंत पोचला. आपल्याकडे वरोऱ्याचा कोळसा बाहेर काढण्यासाठी १८७० च्या दशकात वर्ध्याहून फाटा काढला गेला, त्याचे नावच ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ होते.

आजच्या इंजिनांतही हेडलीचेच गणित चालू आहे. बिहारमधील मधेपुरा येथे बनणारे आणि २०२० पासून धावणारे १२,००० अश्वशक्तीचे डब्ल्यूएजी-१२ हे विजेचे मालगाडी इंजिन १८० टनांचे आहे. हे वजन आठ आसांवर, प्रत्येकी साडेबावीस टन असे वाटले आहे. आठही आसांना मोटारी आहेत. त्याची सुरुवातीची कमाल ओढ सुमारे ७०० किलोन्यूटन, म्हणजे ७० टन वजनाइतकी. ७० भागिले १८० म्हणजे ०.३९. चाकाची पकड वजनाच्या चार दशांशांपर्यंत पोचली आहे. यासाठी आजची इंजिने प्रत्येक चाकाचा वेग सतत तपासतात. चाक घसरू लागताच विद्युत्-नियंत्रण मोटारीचा जोर क्षणभर कमी करते. पाऊस पडला, रुळावर तेल किंवा पाने असली, तर चाकापुढे वाळू सोडतात. ही जुनी युक्ती अजून टिकून आहे.

आता दुसरी बाजू. चांगल्या रुळावर चालत्या भरलेल्या गाडीला टनामागे दीड किलोग्रॅमच्या आसपास जोर पुरतो. म्हणजे ४,७०० टनांच्या गाडीला सपाटीवर हळू चालते ठेवायला फक्त सात टनांचा जोर हवा. पण शंभराला एक असा चढ आला की टनामागे आणखी १० किलोग्रॅम, म्हणजे एकूण ५४ टन लागतात. भोर घाटातला चढ ३७ ला १ आहे. तिथे टनामागे २७ किलोग्रॅम, म्हणजे एवढ्या गाडीला सव्वाशे टनांहून अधिक जोर हवा. एकट्या इंजिनाची चाके तिथे फिरत राहतील. म्हणूनच घाटात मागून जादा इंजिने लावतात. चढाबद्दल वुड आणि स्टीफन्सन जे म्हणत होते ते हेच.

१५ ऑगस्ट २०२२ रोजी छत्तीसगढमधील कोरबा ते राजनांदगाव या मार्गावर पाच मालगाड्या जोडून केलेली ‘सुपर वासुकी’ ही कोळशाची गाडी धावली. २९५ वाघिणी, सहा इंजिने, साडेतीन किलोमीटर लांबी आणि सुमारे २७,००० टन वजन. तीही गुळगुळीत चाकांवर आणि गुळगुळीत रुळांवरच.

वर्गात काय करता येईल?

हेडलीचा प्रयोग वर्गात करायला चावीची एक खेळण्यातली मोटार, दोरा, वाळू भरलेल्या सात-आठ काड्यापेट्या आणि काही नाणी पुरतात. टेबलावर काच ठेवा. मोटारीमागे एकेक काड्यापेटी जोडत जा. मोटारीची चाके जागच्या जागी फिरू लागतील त्या वेळचा आकडा लिहा. मग मोटारीच्या टपावर, मागच्या चाकांच्या वर, दोन नाणी चिकटवा आणि पुन्हा मोजा. नंतर चार नाणी. तक्ता करून मुलांनाच आलेख काढू द्या. पुढे काचेवर पावडर भुरभुरा, मग पुसून बारीक वाळू टाका, शेवटी काच थोडी तिरपी करा. प्रत्येक वेळी आधी अंदाज लिहून घ्यायचा आणि मग करून पाहायचे. चावी संपत आली की चाके न घसरताही मोटार थांबते. घसरणे आणि शक्ती कमी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांच्या ध्यानात आणून द्या.

काड्यापेट्या घसटत जातात, वाघिणींसारख्या चाकांवर चालत नाहीत. तेव्हा आकडे खऱ्या रेल्वेला लागू पडणार नाहीत. ‘मग काय बदलले तर पडतील?’ असे एखाद्या मुलाने विचारले, तर तो तास सार्थकी लागला असे समजावे.

आणि गोष्ट सांगताना ब्लेंकिनसॉपला हसू नये. त्याला जो प्रश्न पडला होता तो खरा होता, आणि त्याने काढलेला मार्ग त्याच्या हातातल्या रुळांना धरून होता. उद्या आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाचे उत्तर पुस्तकाशी जुळले नाही, तर त्याच्या हाताशी कोणते रूळ आहेत हे आधी पाहावे. मग त्याला मोजायला बसवावे.